पिकअपच्या डिझेल टाकीचं झाकण घरी बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोलेरो पिकअप, २०१८ सालची. पुण्याजवळच्या फुरसुंगीहून रात्री रिकामी सासवडला जाते आणि पहाटे माल भरून पुण्याच्या मार्केट यार्डात येते. टाकीच्या झाकणाचं रबर कडक पडलंय, कुलपात चावी नुसतीच गोल फिरते, टाकी फुल असली की दिवे घाटाच्या वळणांवर डिझेल बाहेर येऊन ओघळतं. पाऊस लागल्यापासून गाडी दोनदा चालता चालता बंद पडली. झाकण घरी बदलता येईल का, आणि कोणतं घ्यायचं?

घरी नक्की बदलता येतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, हत्यारं जवळजवळ लागतच नाहीत. घोळ होतो तो विकत घेताना. दुकानात उभं राहून आपण "बसतंय का" एवढंच बघतो. पण झाकणाला तीन कामं असतात: डिझेल आत ठेवणं, पाणी आणि धूळ बाहेर ठेवणं, आणि टाकीला श्वास घेऊ देणं. हे तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुकानदारही विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही.

इंजिन डिझेल ओढतं तशी टाकी रिकामी होत जाते आणि त्या रिकाम्या जागेत बाहेरची हवा यावी लागते. काही गाड्यांत ही वाट झाकणातच असते: आतल्या बाजूला बारीक भोक, नाहीतर छोटी स्प्रिंगवाली झडप. काही गाड्यांत टाकीवरून किंवा डिझेल भरायच्या नळीवरून वेगळी ब्रीदर नळी वर गेलेली असते आणि झाकण पूर्ण बंद असतं. जुन्या झाकणात हवेची वाट होती आणि तुम्ही बंद झाकण लावलंत, तर गाडी सुरू व्यवस्थित होते, वीस-तीस किलोमीटर चालते, मग चढाला ओढेनाशी होते आणि शेवटी बंद पडते. मिस्त्री फिल्टर बदलतो, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर संशय घेतो, नळ्या तपासतो. दरम्यान कोणीतरी झाकण उघडतं, "फुस्स" करून हवा आत जाते आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू लागते. झाकण पुन्हा लावलं की पुढच्या तीस किलोमीटरनंतर तोच प्रकार. पत्र्याची टाकी असेल तर या ओढीने तिची बाजू आत चेपल्याचंही दिसतं.

तुमची गाडी बंद पडण्यामागे हे कारण आहे की पाणी, हे आधी ठरवा. फरक ओळखणं अवघड नाही. पुढच्या वेळी गाडी दमायला लागली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, झाकण हळू उघडा. लांब फुसकारा आला आणि लगेच गाडी सुरळीत झाली, तर हवेची वाट बंद आहे. तुमच्या झाकणाच्या भोकात धूळ आणि डिझेलचा लगदा बसून ते बुजलेलं असू शकतं. झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, इंजिन अडखळतंय, पांढरा धूर मारतंय किंवा डॅशबोर्डावर फिल्टरातल्या पाण्याचा दिवा लागलाय, तर पाणी गेलंय. रबर कडक आणि त्यात पावसाचे दिवस, त्यामुळे माझा पहिला संशय पाण्यावर जातो.

पाणी डिझेलपेक्षा जड असतं. आपल्याकडच्या बीएस-६ (वाहनांच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) डिझेलची घनता लिटरला साधारण ८१० ते ८४५ ग्रॅम, पाण्याची १००० ग्रॅम. म्हणून आत गेलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन बसतो, आणि डिझेल ओढणारी नळीसुद्धा तळाजवळच असते. तुमच्या इंजिनाला कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं. त्याच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये सुट्या भागांमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या वर जातो आणि वंगण म्हणून तिथे डिझेलच काम करतं. डिझेलच्या जागी पाणी आलं की धातूवर धातू घासतो आणि गंज धरतो. झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च एका इंजेक्टरला येतो.

पावसापेक्षा वॉशिंग सेंटरचा फवारा वाईट, हे जाता जाता सांगतो. पाऊस वरून पडतो. फवाऱ्याचं पाणी दाबाने आडवं येतं आणि चपट्या पडलेल्या रबराखालून सहज घुसतं. गाडी धुवायला देताना झाकणावर सरळ नोझल धरू नका, असं सांगून ठेवावं.

आता जुनं झाकण तपासू. एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कुलपाच्या बऱ्याच झाकणांत कुलूप लावलेलं असताना वरची टोपी मोकळी फिरते. तशीच तिची रचना असते, चोराला पिळता येऊ नये म्हणून. ते खराब झाल्याचं लक्षण नाही. पण चावी घालून फिरवल्यावरही टोपी आतल्या भागाला पकडत नसेल, किंवा चावी न अडता पूर्ण गोल फिरत असेल, तर आतली जीभ तुटली आहे किंवा कुलपाचा सिलिंडर (चावी जाते तो गोल भाग) घासून संपलाय. तुमच्या वर्णनावरून हेच झालेलं दिसतं. रबर बदलून हे दुरुस्त होणार नाही, झाकणच बदलावं लागेल.

रबराकडे मात्र नीट बघा, कारण त्यावर आजवरची हकीकत लिहिलेली असते. चांगल्या रबरावर नळीच्या तोंडाची एकसारखी गोल रेघ उमटलेली असते. रेघ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल, तर झाकण तिरकं बसतंय. रेघेत एखाद्या जागी तुटकपणा असेल, तर त्या जागी नळीच्या काठाला पोचा आहे. पंपावर नोझल आपटून, अडकवून तो पडतो. अशा गाडीला कितीही नवं झाकण लावा, डिझेल पाझरतच राहणार. म्हणून नवं झाकण आणायच्या आधी जुन्यासोबत नळीचं तोंडही तपासलं पाहिजे. बोट काठावरून गोल फिरवलं की खाच किंवा वाकलेला भाग लगेच हाताला लागतो. छोटासा उंचवटा असेल तर तो जागेवर कानस मारून काढू नका. किस टाकीत पडतो आणि धातू घासताना ठिणगीची भीती. ते काम नळी खोलूनच करून घ्यावं.

पकड दोन प्रकारची असते. एकात नळीच्या तोंडाला दोन खाचा असतात. झाकणाचे दोन कान त्यांत घालून दाबायचे आणि पाव फेरा फिरवायचे. कान आतल्या उतारावर चढतात आणि स्प्रिंग रबराला काठावर दाबून धरते. दुसऱ्या प्रकारात आटे असतात आणि पुरेसं घट्ट झालं की "टक टक" आवाज येतो. पहिल्या प्रकारात कान झिजतात किंवा स्प्रिंग ढिली पडते. मग झाकण बसलेलं दिसतं, पण वर धरून हलवलं की खडखडतं. रस्त्याच्या हादऱ्यांनी रबर रोज थोडं थोडं घासलं जातं. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकचे आटे जातात, बहुतेक वेळा घाईत तिरकं लावल्यामुळे.

खरेदीला जुनं झाकण सोबत न्या. ते मधल्या काळात टाकीवर हवं असेल तर निदान मापं न्या: नळीच्या तोंडाचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, दोन कानांच्या टोकांमधलं अंतर, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रबराच्या खालच्या पातळीपासून कानांपर्यंतची खोली. ही खोली दोन मिलिमीटरने कमी पडली तर झाकण फिरतच नाही, जास्त झाली तर फिरतं पण दाबत नाही. व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) नसेल तर जाड पुठ्ठ्यावर ठसा घेऊन चालेल. नुसतं "बोलेरोचं द्या" म्हणू नका. त्याच नावाच्या गाडीत वर्षागणिक टाकी आणि नळी बदललेली असू शकते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरच्या आणि आधीच्या गाड्यांत तर गृहीतच धरू नये. कंपनीच्या काउंटरवर आरसी दाखवली की चेसिस नंबरवरून नेमका पार्ट नंबर निघतो. तो लिहून घ्या, मग पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत घ्या नाहीतर तिथेच घ्या. जुन्या बाजारातलं वापरलेलं झाकण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते ज्या नळीवर झिजलंय ती नळी तुमची नाही.

दुकानात हातात घेतल्यावर एवढं बघा. चावी दहा वेळा घालून, फिरवून, काढून बघा, दोन्ही चाव्यांनी. रबर नखाने दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. झाकण उलटं करून हवेचं भोक किंवा झडप जुन्यासारखीच आहे का ते पाहा. झडप असेल तर बोथट काडीने हलकेच दाबा, स्प्रिंगने ती आपोआप परत यायला हवी. जुन्यात वाट आहे आणि नव्यात नाही, तर तोंडाला कितीही छान बसत असलं तरी परत करा.

फक्त रबर गेलं असेल आणि बाकी झाकण ठणठणीत असेल, तर नुसतं रबर मिळतं का विचारा. ते नायट्राइलचं (तेलाला टिकणारं रबर) पाहिजे, डिझेल-पेट्रोलला ते टिकतं. टायरच्या ट्यूबमधून वायसर कापून लावायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ट्यूबचं रबर डिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचे तुकडे सुटून टाकीत जातात. आणि प्लास्टिकची पिशवी दुमडून वर झाकण दाबणं त्याहून वाईट, कारण ती हवेचं भोकही बुजवते. रस्त्यात अडलात तर घरापर्यंत यायला ठीक, पण दुसऱ्या दिवशी ती निघालीच पाहिजे.

काम सकाळी करा. गाडी सपाट जागी, उघड्यावर, सावलीत, इंजिन थंड. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नको, वाफ तिथे साचून राहते. "डिझेल पेट घेत नाही" हे ऐकीव आहे. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच धरलाय, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. एप्रिल-मे मध्ये पुण्यात दुपारची हवाच त्याच्या वर असते, उन्हातल्या पत्र्याची तर गोष्टच वेगळी. बिडी-सिगारेट, शेगडी, ग्राइंडर यातलं काही जवळ नको. आत बघायला एलईडी बॅटरी वापरा.

झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवती साफ करा. ही पायरी बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. झाकणाच्या कडेला धूळ आणि डिझेल मिळून काळा चिकट थर बसलेला असतो. झाकण फिरवलं की त्याचे कण सरळ नळीत पडतात. रंगाच्या जुन्या कोरड्या ब्रशने आधी झाडून घ्या, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. फडकं सुती आणि धागे न सुटणारं असावं. त्याच वेळी झाकणाची साखळी किंवा पट्टी सोडवून ठेवा. रिबिट किंवा स्क्रू असेल तर झाकण बंद असतानाच, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरने. हॅक्सॉ नको.

तुमच्या झाकणाची चावी पकडत नाही, तेव्हा ते उघडणंच अवघड जाईल. चावीच्या भोकात डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारून पंधरा मिनिटं थांबा. चावी पूर्ण आत घाला, टोपी तळहाताने खाली दाबून धरा आणि चावी अर्ध्या फेऱ्यात मागे-पुढे हलवत राहा. जीभ थोडीशी शिल्लक असेल तर दाबाखाली ती एखाद्या क्षणी पकडते. लाकडी दांड्याने टोपीच्या कडेवर हलके ठोके दिले तरी उपयोग होतो. तरीही सुटलं नाही तर छिन्नी-हातोडा किंवा ड्रिल घेऊन बसू नका. ठिणगी हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे तुटलेलं कुलूप, स्प्रिंग, पितळेचा किस हे सगळं टाकीत जातं. चावीवाल्याला बोलवा, तो सिलिंडर ओढून काढतो.

झाकण सुटलं की एकदम उचलू नका. पाव फेरा फिरवून थांबा, आतली हवा निघू द्या, मग काढा. नळीत जाळी असेल तर ती बाहेर काढून स्वच्छ डिझेलमध्ये झटका. फाटली असेल तर नवीन घाला. काठ आणि खाचांची आतली बाजू फडक्याने पुसा. त्या वेळी नळीत नळीपेक्षा मोठ्या फडक्याचा बोळा लावून ठेवा, म्हणजे तो आत सरकणार नाही. तोंड उघडं ठेवून चहाला जाऊ नका.

नव्या झाकणाच्या रबरावर बोटाने डिझेलचा पातळ हात फिरवा. ग्रीस लावलं तर त्यावर धूळ धरते आणि पॉलिश पेपरसारखी रबराला घासते. कुलपातही तेल घालू नका, तेल आणि धूळ मिळून वर्षभरात तिथे लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड चालते, नाहीतर पेन्सिलीचं शिसं किसून चावीला चोळा. कानवालं झाकण खाचांवर सरळ ठेवा, तळहाताने दाबा आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. सुरुवातीला हलकं, मग वाढता जोर, मग ठाम थांबा, असं हाताला जाणवलं पाहिजे. सुरुवातीपासून ढिलं आणि शेवटपर्यंत ढिलं म्हणजे खोलीचं माप चुकलंय. आट्यांचं असेल तर आधी उलटं फिरवा; आटा आट्यावर "टक्" करून उतरतो, तिथून सुलटं घ्या. मग ते तिरकं चढत नाही.

बसलं की लगेच कागदाची परीक्षा घ्या. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापा, काठावर ठेवून तिच्यावर झाकण पूर्ण लावा आणि पट्टी ओढा. ती घट्ट धरली गेली पाहिजे, फाटली तरी हरकत नाही. असं चार बाजूंना करा. तीन बाजूंना घट्ट आणि एका बाजूला सहज निघाली, तर त्या जागी काठ वाकलाय किंवा रबर नीट बसलेलं नाही. फाटलेले कपटे आत पडू देऊ नका.

रस्त्यावरची परीक्षा दोन टप्प्यांत. नळीच्या बाहेरून, झाकणाच्या अगदी खाली, खडूने गोल पट्टा ओढा. टाकी पाऊण भरून सासवडची एक फेरी मारा. खडू कोरडा राहिला तर ठीक, काळा पडला तर जिथे काळा पडलाय तिथे पाझर. त्याच फेरीनंतर झाकण हळू उघडून कान द्या. छोटा उसासा चालेल, लांब फुसकारा नको.

पाऊण टाकी म्हटलं त्याला कारण आहे. पंपावर नोझलने आपोआप कट मारल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून गळ्यापर्यंत भरायची पद्धत आहे. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला हजारी सुमारे ०.८ भाग. ६० लिटर डिझेल जमिनीखालच्या थंड टाकीतून येऊन २० अंशांनी तापलं तर जवळजवळ एक लिटर वाढतं. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत ते हवेच्या भोकातून बाहेर येणारच, घाटाच्या वळणावर तर आधीच. तुमच्या ओघळण्यातला काही भाग झाकणाचा असेल आणि काही या राउंड फिगरचा. नवं झाकण लावूनही फुल टाकीला थोडा ओघळ दिसला तर झाकणाला दोष देण्याआधी पहिल्या कटला थांबून बघा.

पेट्रोलच्या गाड्यांचं गणित वेगळं. सीएनजीवर चालणाऱ्या काही छोट्या पिकअपलाही पेट्रोलची टाकी असते, हे बरेच जण विसरतात. तिथे वाफ कॅनिस्टरकडे (वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे) जाते, झाकण चुकीचं किंवा ढिलं असलं तर पेट्रोलचा वास येतो आणि काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर वाफ गळतेय असं सांगणारा पी०४५५ किंवा पी०४५७ कोड दिसतो. तिथे पार्ट नंबरचंच झाकण घ्या. आणि ज्या डिझेल गाडीला डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी आहे तिचं निळं झाकण म्हणजे डिझेलचं नव्हे. दोन्ही झाकणं एकाच वेळी उघडी ठेवूच नका.

शेवटी, आत गेलेल्या पाण्याचं. नवं झाकण पुढचं पाणी थांबवेल, मागचं टाकीतच आहे. गाडी रात्रभर सपाट उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा आणि येईल ते काचेच्या पारदर्शक बाटलीत धरा. आपोआप येत नसेल तर हातपंप मारा. पाव लिटर घ्या आणि बाटली दहा मिनिटं खिडकीत ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर, किंवा काचेला चिकटलेले गोल मणी दिसतात. डिझेल गढूळ, दुधाळ असेल तर पाणी त्यात मिसळलेलं आहे. स्क्रू बंद करा, हातपंप कडक होईपर्यंत मारा, मगच स्टार्टर मारा. नाहीतर एअर धरते, म्हणजे नळीत हवा अडकून गाडी सुरू होत नाही.

हे तीन-चार दिवस रोज सकाळी करा. दर दिवशी थर कमी होत गेला तर फिल्टर बदलून मोकळे व्हा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेवढंच पाणी येत असेल, तर टाकी उतरवून तळाचा ड्रेन प्लग काढून धुऊन घ्यावी लागेल. ते काम गॅरेजमध्ये, आणि टाकी जवळजवळ रिकामी असेल अशा दिवशी.